मोडलेल्या पायाचं क्रेडिट

शिडीवरून पडून पाय मोडल्यावर रंगाऱ्याला डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा शिडी चढायची नाही. म्हणून त्याने संध्याकाळच्या कॉलेजात रुग्णसेवेच्या पदवीला नाव घातलं. एकट्याने जायचा धीर होईना, तेव्हा बायकोलाही ओढलं. दोघं एका बाकावर बसणार, तिचं कुठे अडलं तर तो समजावणार, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं.

कारण तो शिकलेला होता. तरुणपणी दुसऱ्या एका कॉलेजात वर्षभर गेला होता आणि तिथला भाषेचा एक विषय इथे ग्राह्य धरला गेला होता. त्या एका विषयाच्या जोरावर तो घरात मान ताठ ठेवून फिरत होता.

मग बायको कॉलेजात प्रवेशाचं बघणाऱ्या मॅडमना भेटून आली. "अहो, इथे अनुभवाचंही क्रेडिट देतात. घरी कुणाची शुश्रूषा केलीय का विचारलं, मी तुमचं सांगितलं. करूनही दाखवलं. दोन विषय माफ झाले."

"माझं काय सांगितलंस?"

"पाय मोडून पडला होतात ते."

जेवता जेवता रंगाऱ्याने हातातला घास परत ताटात ठेवला. "म्हणजे पाय माझा मोडला आणि क्रेडिट तुला?"

"मग तुम्ही काय केलंत? झोपूनच तर होतात."

हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी लंगडत तो मॅडमच्या टेबलापाशी उभा राहिला.

"मॅडम, ती शिकली कुणामुळे? मी शहाण्यासारखा पडून राहिलो असतो, तर तिला काय शिकायला मिळालं असतं?"

मॅडमनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे त्रास द्यायचात?"

"त्रास?" रंगाऱ्याला चेव चढला. "गोळ्या कुंडीत टाकायचो. प्लास्टरमध्ये चमचा घालून खाजवायचो. एकदा तर तो आतच राहिला! डॉक्टर उठू नका म्हणाले, त्याच दिवशी एका पायावर गच्चीत गेलो. हिने पाठुंगळीला मारून खाली आणलं."

"आणि चमचा?"

"हिनेच काढला. साधा ओरखडा नाही!"

मॅडम भराभर लिहीत होत्या. "फारच अवघड रुग्ण. तुमच्या मिसेस हे बोलल्याच नाहीत. आणखी तीन विषय माफ करावे लागतील."

"आभारी आहे," रंगारी छाती काढून म्हणाला.

"त्यांना. त्या आता थेट दुसऱ्या वर्षाला."

"आणि मला?"

"या सगळ्यातून तुम्ही काय शिकलात?"

रंगाऱ्याने छताकडे बघत खूप आठवलं. छताचा रंग उडालाय, एवढंच सुचलं.

बायको वरच्या मजल्यावर गेली. खाली पहिल्या वर्षाच्या बाकावर हा एकटा, कान वर लावून. वरून तिच्या हसण्याचा आवाज आला, की याचं अख्खं पान चुकायचं. शेवटी वरच्या वर्गाला पट्ट्या बांधायच्या सरावासाठी माणसं हवीत असं कळलं आणि याने सगळ्यांच्या आधी हात वर केला. अशा रीतीने रंगारी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात पोचला, आडवा.

पण त्याचा पाय भलत्याच विद्यार्थ्याच्या वाट्याला आला. बायको होती शेजारच्या खाटेपाशी. तिथे एक धडधाकट गडी हसत पाय पुढे करून पडला होता. त्याच्या घोट्याभोवती हळुवार पट्टी गुंडाळत ती म्हणाली, "दुखत नाही ना? दुखलं तर लगेच सांगा हं."

चक्क 'हं' म्हणाली! त्याच क्षणी रंगाऱ्याचा चांगला पाय दुखायला लागला.