सव्वादोनची ओहोटी

“स्विमिंग पूलमध्ये असं काय असतं गं?” सदाने विचारलं. “घरापासून दीडशे पावलांवर अख्खा समुद्र पडलाय.”

“पूलमध्ये जेलीफिश नसतात,” राही मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली.

“आणि स्लाइड असते,” साहिलने भर घातली.

सहलीचा विषय घरात पंधरा दिवस चालला होता. सदाची मुलगी राही सतरा वर्षांची, मुलगा साहिल चौदाचा. दोघांना रिसॉर्ट हवं होतं, आणि रिसॉर्टचा दर सदाने दोनदा विचारून घेतला होता. पण खरी गोष्ट दराची नव्हती. जूनमध्ये राही पुण्याला शिकायला जाणार होती. त्याआधी तिच्याबरोबर एक अख्खा दिवस घालवायचा, लहानपणी आपण आपल्या बापाबरोबर घालवायचो तसा, एवढंच सदाने मनाशी धरलं होतं. आणि तसा दिवस जगात एकाच ठिकाणी मिळतो, कासव्यावर, याची त्याला खात्री होती.

कासव्या म्हणजे कोळीवाड्यासमोरचा मोठा काळा खडक. ओहोटीला तिथवर वाळूतून चालत जाता येतं. भरतीला चारही बाजूंनी पाणी आणि वर नुसती कासवाची पाठ. सदाचे वडील येसाजी दर थंडीत एकदा बायकोपोरांना तिकडे न्यायचे. खडकाला चिकटलेले शिंपले, म्हणजे कालवं, फोडायची, तिथेच तीन दगडांवर शिजवायची आणि तांदळाच्या भाकरीबरोबर हाणायची. परत निघावं तर भरती लागलेली असायची, की दिवसभर खडकावर मुक्काम. ‘बाबांचं गणित कच्चं’ हा घरातला ठरलेला विनोद होता. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण दुसरीतून शाळा सोडलेल्या माणसाला पाऊणकीचा पाढा कुठून येणार, असं सदाची आई नीराबाई नवरा वारला तरी आजही बोलून दाखवायची.

सदाचं तसं नव्हतं. तो एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. गाड्यांच्या वेळा त्याला झोपेतसुद्धा विचाराव्यात. दिवसभर माइकवर ‘बोर्ली पंचतनकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे’ असं सांगून सांगून त्याला वेळापत्रकावर श्रद्धाच बसली होती. राहीला मात्र त्या आवाजाची लाज वाटायची. मैत्रिणींबरोबर स्टँडवर आली, की माइक सुरू व्हायच्या आत ती रसवंतीच्या मागे जाऊन उभी राहायची. हे सदाला माहीत होतं. बोलला कधी नव्हता.

त्याने कॅलेंडर काढून बेत आखला. “रविवारी एकादशी. अकरा पाऊण सव्वाआठ. म्हणजे सव्वाआठला भरती, सव्वादोनला ओहोटी. साडेअकराला निघायचं, चारला परत. बाबांसारखा घोळ नाही.”

नीराबाईने चुलीपुढूनच तो बेत मोडून काढला. “एकादशीला कालवं? माजा टोप मी देनार न्हाय.”

टोपाशिवाय कालवं शिजत नाहीत. तेव्हा सहल एक रविवार पुढे गेली. सदाने कागदावर तारीख खोडून नवी घातली आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. रविवारची गाडी दर रविवारी त्याच वेळेला सुटते, हे वीस वर्षांत त्याच्या हाडीमासी भिनलं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी सव्वाआठला तो चहाचा कप घेऊन दारात आला आणि बघतच राहिला. समुद्र पार मागे गेला होता. कासव्यापर्यंत वाळू मोकळी पडली होती.

“पूनम!” त्याने ओरडून बायकोला हाक मारली. “पाणी वेळेआधी सुटलंय! सव्वाआठला हे, तर सव्वादोनला बघायलाच नको. अख्खा दिवस मिळाला आपल्याला!”

“पाणी वेळेआधी कसं सुटेल?” पूनमने आतून विचारलं.

“मिळतंय ते घे ना. पोरांना उठव.”

अर्ध्या झोपेतल्या पोरांना, टोपाला, भाकऱ्यांच्या पिशवीला आणि नाखूश बायकोला घेऊन सदा नऊच्या ठोक्याला कासव्यावर पोचला. पिशवी त्याने खडकाच्या पायथ्याशी सावलीत ठेवली. साहिलने वर बसून चपला खाली भिरकावल्या. सदा कालवं कशी फोडायची ते दाखवू लागला. पोरांनी दोन फोडून पाहिली, बोटं कापून घेतली आणि मोबाइल काढले.

“आमचे बाबा एका फटक्यात...” सदाने सुरुवात केली.

“पप्पा, हे तुम्ही तीनदा सांगितलंय,” राही म्हणाली.

दहाच्या सुमाराला किनाऱ्यावर नीराबाई दिसली. ती दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवत होती.

“आई टाटा करतेय,” सदा खूश झाला आणि त्यानेही दोन्ही हात हलवले. नीराबाईने कपाळाला हात लावला आणि ती निघून गेली. “ऊन लागत असेल तिला,” तो म्हणाला.

मग साहिल म्हणाला, “माझी चप्पल कुठे चाललीय?”

चप्पल आरामात किनाऱ्याच्या दिशेने निघाली होती. तिच्या मागोमाग दुसरी. दोघींच्या मागून भाकऱ्यांची पिशवी.

“एखादी मोठी लाट आली असेल,” सदा म्हणाला. “ओसरेल. सव्वादोनपर्यंत ओसरायचंच आहे.”

“अहो, वाळूवर गुडघाभर पाणी आहे. निघूया का?” पूनमने विचारलं.

“अगं, वेळापत्रक आहे ना आपल्याकडे!”

अर्ध्या तासाने पाणी छातीला लागेल इतकं झालं. वेळापत्रक खिशातच होतं. राहीने पहिल्यांदाच मोबाइलवरून नजर उचलली. तिने समुद्राकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि पुन्हा मोबाइलवर काहीतरी शोधलं.

“पप्पा, आज तिथी कुठली?”

“एकादशी.”

“एकादशी गेल्या रविवारी होती. म्हणून तर आजीने टोप दिला नाही. आज तृतीया आहे.”

सदाचे ओठ हलले. तीन पाऊण सव्वादोन. सव्वादोनला भरती, सव्वाआठला ओहोटी. आकडे तेच होते, फक्त उलटे होऊन बसले होते. त्याने हळूच कागदाची घडी घातली. पूनमने टोप उचलून खडकाच्या माथ्यावर नेला.

“माथा बुडत नाही,” तो घाईने म्हणाला. “भिण्यासारखं काही नाही. भागोजीकाकांना फोन लावतो, होडी आणतील.”

भागोजी म्हणजे येसाजींचा जन्माचा जोडीदार. दोघांनी तीस वर्षं एका होडीत घालवलेली. आता वय पंच्याहत्तर, पण लहान होडी अजून स्वतः वल्हवायचा.

“काका, आम्ही कासव्यावर अडकलो. भरती आली.”

“दिसतंय ना मला हितनं,” भागोजीचा आवाज शांत होता. “पोरं हायत ना संगती?”

“हो, सगळे आहोत. होडी आणता ना?”

“येतो की,” भागोजी म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. पुन्हा लावला, तर बंद.

अकराचे बारा झाले, बाराचा एक. होडी किनाऱ्यावर जागची हलली नाही. भागोजी तिच्या सावलीत आडवा झालेला इथूनही दिसत होता. रेंज जात-येत राहिली, रील उघडेनात, आणि दीडला साहिलचा मोबाइल बंद पडला. राहीचा त्याआधीच संपला होता. भाकऱ्या गेल्या होत्या. उरली होती ती कालवं, टोप आणि काडेपेटी.

भूक फार चांगली शिक्षिका निघाली. साहिलने शेकडाभर कालवं फोडली. पूनमने खडकाच्या खाचेत अडकलेलं सुकं लाकूड गोळा केलं. राही विस्तवाला फुंकर घालत बसली आणि राख नाकाला लावून घेतली. नुसत्या उकडलेल्या कालवांवर चौघं असे तुटून पडले, की बोलायलाही कुणाला फुरसत नव्हती.

“आजोबा काय करायचे इथे दिवसभर?” टोप चाटूनपुसून झाल्यावर राहीने विचारलं.

ही गोष्ट चौथ्यांदा सांगायची होती, पण या वेळी ती मागितली गेली होती. सदाने सांगितलं. बाबा एरवी घरात दिसायचेच नाहीत. समुद्रावर नसले की जाळ्यावर, जाळ्यावर नसले की कुणाच्या तरी भांडणात. दारात सारखं कुणीतरी हाक मारत उभं. पण इथे हाक पोचायची नाही. इथे ते शिंपल्यांचे चमचे करून द्यायचे, दुपारी पोटावर हात ठेवून घोरायचे, आणि सदा त्यांच्या दंडावर डोकं ठेवून पडून राहायचा. बाबांची इतकी आठवण त्याला कित्येक वर्षांत आली नव्हती.

राही त्याच्या शेजारी येऊन बसली. “पप्पा, पुण्यात समुद्र नाही ना,” ती म्हणाली.

“नाही.”

“मला तिथे झोप लागेल का? इथे रात्रभर आवाज असतो.”

सदाने तिच्या नाकावरची राख पुसली. मग तीच हसून म्हणाली, “अनाउन्समेंट करा ना एक.”

“आता? इथे?”

“इथे मैत्रिणी नाहीत माझ्या.”

म्हणजे हिलाही माहीत होतं, की आपल्याला माहीत आहे! सदा उभा राहिला, घसा साफ केला आणि भर समुद्रात त्याचा स्टँडवरचा आवाज घुमला, “प्रवाशांनी लक्ष द्यावे! कासव्याहून कोळीवाड्याकडे जाणारी गाडी चालक जेवायला गेल्यामुळे उशिराने सुटेल!” पूनमसुद्धा हसू लागली. पोरांनी त्याला आणखी दहा गाड्या सोडायला लावल्या.

साडेचारला भागोजी होडी घेऊन आला. सगळे चढून बसले.

“काका, किती हा उशीर!” सदा म्हणाला. “अकराला फोन केला होता.”

“उशीर कसला?” भागोजीला नवल वाटलं. “तुजा बा मला आदल्या दिशीच सांगून ठेवायचा. ‘भाग्या, उद्या मी चुकनार हाय. चार वाजल्याबिगर होडी आनू नको.’ तू सांगितलं न्हायस, पन फोन आला तवा मी म्हनलं, पोरगा बापावर गेला.”

सदा भागोजीच्या जवळ सरकला.

“म्हणजे बाबांची भरती...”

“येसाजीची भरती? उभ्या जल्मात एकदा चुकली न्हाय. पोरांसंगं बसायला त्याला दुसरी जागा व्हती कुठं? आन् हे वहिनीला बोलू नको हां. इतकी वर्सं ती त्याचं गनित कच्चं म्हनते. आता तिचं कशाला चुकवायचं?”

सदा मागे वळून कासव्याकडे बघत राहिला. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने वाऱ्यावर ढकललं.

“पप्पा,” राहीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. “तुम्हीपण मुद्दामच केलंत?”

सदाने खरं सांगायला तोंड उघडलं. पूनमने त्याला कोपर मारलं. “मग काय!” ती म्हणाली. “तुझ्या पप्पांचं वेळापत्रक कधी चुकतं का?”

उतरताना राही भागोजीशी थोडा वेळ बोलत थांबली.

परीक्षा झाली, मे महिना आला. पुण्याच्या बॅगा कोपऱ्यात जमू लागल्या. एका संध्याकाळी राहीने कॅलेंडर आणून सदापुढे ठेवलं. एका रविवारभोवती लाल गोल होता.

“पप्पा, या रविवारी कासव्यावर जायचं. सकाळी आठला निघू. ताडपत्री घेऊ, ऊन असेल.”

सदा आता शहाणा झाला होता. तो तारखेकडे न बघता खालची बारीक अक्षरं वाचू लागला. “अगं, तृतीया आहे. तीन पाऊण सव्वादोन. अकरापर्यंत पाणी वाळू भरून टाकेल. चुकलीस तू.”

“माहितीये,” राही म्हणाली. “भागोजी आजोबांना सांगून आलेय, चारच्या आत येऊ नका म्हणून.” आणि बॅगेची चेन ओढत तिने पुढे घातलं, “मी आजोबांसारखी चुकतेय, पप्पा. तुमच्यासारखी नाही.”