भाईदास महाजनांची इंग्रजी पाटी

सिंधीपुऱ्यातल्या भाईदास महाजनांनी रद्दीतून एक पुस्तक उचललं आणि घरची शांतता तिथेच संपली. पुस्तक इंग्रजी वाक्प्रचारांचं होतं. पहिल्या पानावर सूचना होती: अर्थ एकदा वाचा, वापर रोज करा. सरकारी कचेरीत तीस वर्षं एकही सूचना न पाळलेल्या या बड्या बाबूंनी नेमकी हीच पाळायचं ठरवलं.

ओट्यावर काळी पाटी लागली. रोज सकाळी आंघोळ उरकून भाईदास तिच्यावर छापल्यासारख्या अक्षरात एक वाक्प्रचार, त्याचा अर्थ आणि एक घरगुती उदाहरण लिहायचे, सगळं इंग्रजीत. 'व्हाइट एलिफंट', म्हणजे उपयोग शून्य आणि सांभाळायची कटकट फार. उदाहरण, सासऱ्यांनी दिलेलं कपाट. 'क्रोकोडाइल टिअर्स', म्हणजे खोटं रडणं. उदाहरण, मेहुणीने घेतलेला निरोप. बायकोला, अलकाला, इंग्रजी येत नव्हतं, म्हणून संसार टिकला.

"अहो, ती पाटी मला द्या ना," अलका दोन वर्षं म्हणत होती. "पिको-फॉल करून मिळेल, एवढंच लिहायचं आहे."

"पिको-फॉल!" भाईदास नाक मुरडायचे. "गल्लीला ज्ञान मिळतंय, ते बघवत नाही तुला?"

(गल्लीतली माणसं पाटीपाशी थांबत, हे खरं. ओट्यावर सावली होती.)

अशात त्यांच्या मुलीला, हिमानीला, जसोंडी गावचं स्थळ आलं. मुलगा मयूर, घरची केळीची बाग. दोघं कॉलेजपासून एकमेकांना ओळखत होते आणि हिमानीचा होकार केव्हाच ठरलेला होता. (हे भाईदास सोडून सगळ्या घराला माहीत होतं.) भाईदासांना मात्र केळीवाले व्याही म्हणजे खाली उतरल्यासारखं वाटत होतं.

पाहुणे यायच्या दिवशी त्यांनी मुद्दाम पान शोधून लिहिलं: 'पर्ल्स बिफोर स्वाइन'. अर्थ, डुकरांपुढे मोती टाकणं. उदाहरण, जसोंडीच्या पाहुण्यांशी इंग्रजी बोलणं.

हिमानीचा चेहराच उतरला. "पप्पा, पुसून टाका ना प्लीज. माझ्या जिंदगीचा सवाल आहे."

"वाचणार कोण? ती सरुबाई? अंगठा लावत असेल ती."

सरुबाई म्हणजे मयूरची आई. नवरा गेल्यापासून अख्खी बाग तीच सांभाळत होती. अकराच्या सुमाराला मायलेक आले आणि सरुबाई थेट पाटीपुढे थांबली.

"काय लिव्हेल हाय हे?"

"सुविचार आहे," भाईदास म्हणाले. "तुमच्या स्वागताचा."

"मंग ऐकूच." सरुबाईने बटव्यातून मोबाइल काढून पाटीसमोर धरला. "फवारणीच्या बाटल्यांवर सारं इंग्रजीतच राह्यते. पोरगं बाहीर गेलं की हाच वाचून दाखवते."

महाजनांचं अक्षर इतकं सुरेख की मोबाइल कुठे अडखळलाही नाही. बागेत ऐकू यावं म्हणून मोठ्या ठेवलेल्या आवाजात तो हिंदीत बोलला, "सूअरों के आगे मोती डालना। उदाहरण: जसोंडी के मेहमानों से अंग्रेज़ी में बात करना।"

मावा जिलेबीची ताटली अलकाच्या हातातच राहिली. मयूर जमिनीकडे बघत होता.

"मोबाइल कधीकधी चुकतो," भाईदास पुटपुटले.

"बाटलीवरचं कधी चुकला न्हाई. न्हाईतर बाग जळली असती माझी."

सरुबाईने चपला पायात सरकवल्या. तेवढ्यात हिमानी पुढे झाली. तिने नव्याकोऱ्या ओढणीने सगळ्यांसमोर पाटी पुसून काढली आणि डोळ्यातलं पाणी तसंच राहू देत म्हणाली, "काकू, चूक माझी. मी सकाळीच पुसायला पाहिजे होती."

सरुबाईने तिच्याकडे नीट पाहिलं आणि चपला पुन्हा काढल्या.

"पोरगी आम्हाले पसंत हाय. पाटी पसंत न्हाई." मग ती अलकाकडे वळली. "विहीणबाई, लगीन होयेपर्यंत पाटी तुमच्या ताब्यात. तुमाले काही लिव्हायचं हाय का?"

अलकाने एक क्षणही घेतला नाही.

तिचं अक्षर वाकडं, म्हणून 'पिको-फॉल करून मिळेल' भाईदासांनाच लिहावं लागलं, छापल्यासारखं. दोन वर्षांत पहिल्यांदा लोक पाटी वाचून घरात आले. सरुबाईने लग्नाच्या अकरा साड्या पाठवल्या आणि तयार झाल्या तशा त्या पिशवीत घालून जसोंडीला पोचवायचं काम भाईदासांकडे आलं.

'ईट हंबल पाय', म्हणजे मान खाली घालून आपली चूक गिळणं. पान बेचाळीस. अर्थ त्यांनी एकदा वाचलेला होता. वापर आता रोज होऊ लागला.