उरलेला गोळा

लेकीच्या, रोझीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी शांतवनने पाळकसाहेबांचा ग्रामोफोन, गावाच्या भाषेत बाजा, घरी आणला, उघडला, लख्ख पुसून परत जोडला, आणि हातात एक पितळी गोळा उरला. आतले असले गोळे गरगर फिरून तबकडीचा वेग ताब्यात ठेवतात, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

"अवं, ह्यो कुठला?" बायकोने, मरियाने विचारलं.

"जास्तीचा आसंल. कंपनी एखादा वर देती." त्याने गोळा खिशात टाकला. लढाईमुळे सुया मिळत नव्हत्या, होती ती एकच, म्हणून वाजवून बघायचं राहिलं.

व्याही कृपादान नगरचे. त्यांची एकच अट होती: नवरी चर्चमध्ये बाजाच्या तालावर, पावलागणिक थांबत आली पाहिजे. नगरच्या पाहुण्यांपुढे शोभा झाली तर त्याचा राग पोरीवर जन्मभर निघेल, या धास्तीने शांतवनला जेवण जात नव्हतं.

पाळकसाहेब वेदीपाशी उभे, म्हणून बाजाला मरिया बसली. सुई टेकली मात्र, तबकडी सुसाट सुटली. ठोक्याला एक पाऊल, हे रोझीला आठवडाभर घोकवलेलं. पोर आज्ञाधारक. तिने पदर खोचला आणि धूम ठोकली, बाप मागून फरफटत. दोघं वेदीपाशी पोचली तेव्हा नवरदेव बाहेर बुटाची नाडी बांधत होता.

"हे लग्न आहे की शर्यत?" कृपादान कडाडले. "टांगे जोडा रे!"

"थांबा, थांबा," पाळकसाहेब घाईने म्हणाले. "शांतवन, पुन्हा दारापासून या."

मरियाने सुई उचलून पुन्हा चावी भरली. पाळकसाहेब दर रविवारी बाजा लावताना तबकडीखालच्या फिरत्या ताटलीच्या कडेला अंगठा टेकून डोळे मिटत. केवढी भक्ती, असं सगळं कोल्हार गाव म्हणे. तिनेही अंगठा टेकला, डोळे मिटले. "देवा, माज्या पोरीची लाज राख रं बाबा!"

आणि बाजा शहाण्यासारखा वाजू लागला. रोझी पावलागणिक थांबत अशी आली की शांतवनला रडूच फुटलं.

"नगरलासुद्धा असं बघितलं नाही," कृपादान शेवटी म्हणाले.

संध्याकाळी शांतवन बाजा परत द्यायला गेला. त्याने गोळा टेबलावर ठेवला आणि मान खाली घातली. "साहेब, चुकलं माजं. उघडून पुसाया गेल्तो, त्यात ह्यो ऱ्हायला."

पाळकसाहेबांनी आधी दार लोटून घेतलं. मग त्यांनी खणातून तपकिरीची जुनी डबी काढून उघडली. आत हुबेहूब तसाच गोळा होता.

"मीही एकदा पुसायला उघडला होता," ते म्हणाले. "अंगठा टेकायचा, शांतवन. आणि डोळे मिटायचे, म्हणजे कुणी काही विचारत नाही."