अर्ध्यावर थांबणारा देवीदास

आमच्या देऊळघाटचा देवीदास माझ्या दुकानाच्या पायऱ्या कधी एका दमात चढला नाही. अर्ध्यावर कठडा धरून थांबायचा, डोळे मिटून मनातल्या मनात काहीतरी मोजायचा आणि मगच वर यायचा. मागून खांद्यावर विहिरीतली बिघडलेली मोटार घेऊन आलेलं गिऱ्हाईक शिव्या घालायचं. हा शांतपणे सांगायचा, "येकदम वरतं यायचं नसते भाऊ."

दोष त्याचा नव्हता, त्याच्या शिक्षणाचा होता. हा गडी केरळात जाऊन पाणबुड्याचा कोर्स करून आलेला. बुडालेली जहाजं काढायची, समुद्राच्या तळाशी वेल्डिंग करायचं. खोल पाण्यातून घाईनं वर आलं की रक्तात बुडबुडे होतात, म्हणून थांबत थांबत यायचं. हे त्याच्या अंगात इतकं मुरलं, की बाजेवरून उठतानाही तो आधी नुसता बसून राहायचा. अडचण एवढीच, की बुलढाणा जिल्ह्यात समुद्र नाही.

कंपन्या समुद्रातला अनुभव मागायच्या, आणि तो मिळावा म्हणून याला पाण्यात उतरवायला एकही तयार नव्हती. मला तर त्यांचा संतापच यायचा. एकदा माझ्यासमोर त्यानं फोनवरच्या साहेबाला विचारलं, विहिरीतला अनुभव चालेल का. साहेब हसला असावा. "कळवतो म्हने," एवढंच देवीदास बोलला.

तोवर तो विहिरीत पडलेल्या मोटारी काढायचा आणि मी त्या दुरुस्त करायचो. दोरावरून येतानाही अर्ध्यावर मुक्काम ठरलेला. वरची माणसं कातावली की काठावर उभी असलेली त्याची म्हातारी आत्या दटावायची, "थांबू द्या त्याले. शिकेल हाये तो." आईबापामागं तिनंच त्याला वाढवलं. रोज दिवेलागणीला तिचा एकच प्रश्न असायचा, "आला का रे फोन?"

मागच्या उन्हाळ्यात पाणी शेंदताना तिचाच पाय घसरला. देवीदास तेव्हा अमडापूरला मोटार काढायला गेला होता. तो पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. दुसऱ्या कोणाला त्यानं उतरू दिलं नाही. आम्ही दोर ओढत होतो. तिला छातीशी धरून तो अर्ध्यावर आला आणि हातानं खूण करून त्यानं आम्हाला थांबवलं. कोणीतरी ओरडणार होतं, मी त्याचं मनगट दाबलं. गेलेल्या माणसाला कसले आलेत बुडबुडे, हे काय देवीदासला कळत नव्हतं? तो तसाच लटकत राहिला, तिच्या कानाशी मोजत. मला ते बघवलं नाही.

परवा संध्याकाळी तो दुकानात आला. पायऱ्या सरळ चढून आला, कुठं थांबला नाही. काम काही नव्हतं. पाना उचलून बघितला, परत ठेवला. उठता उठता म्हणाला, "भाऊ, तुमी इचारत जा ना मले. फोन आला का म्हनून."

मी तिथंच विचारलं, "आला का रे फोन?"

"नाई," तो म्हणाला, आणि घरी गेला.