जिना, लव्हेंडर आणि शिंपीकाका

तक्रार निवारण कक्षात येणारे नागरिक मोठ्याने ओरडतात, ही बाब गंभीर होती. तक्रारींचं काही नव्हतं; त्यांची कक्षाला सवय होती. ओरडण्यामुळे मात्र कामात व्यत्यय येई, आणि काम नसलं तर विश्रांतीत.

खिडकीवर बसणाऱ्या ताईंचं डोकं त्यापायी कायम ठणकायचं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. शेवटी त्यांनी सुट्टीच्या दिवशी चालणाऱ्या सुगंधचिकित्सेच्या वर्गात नाव घातलं. शिकणं त्यांनी मनावर घेतलं. कुठलं तेल फुलाचं, कुठलं सालीचं, कुठलं साध्या तेलात मिसळल्याशिवाय अंगाला लावायचं नाही, सगळं तोंडपाठ. नवीन तेल आलं की नवऱ्याच्या मनगटावर थेंब लावून चट्टा उठतो का ते बघत. नवऱ्याची हरकत नव्हती. त्याचा हात कुणी हातात घेतल्याला बरीच वर्षं झाली होती.

एक दिवस डोकं फारच चढलं, म्हणून ताईंनी टेबलावर वाफेचं छोटं यंत्र ठेवून त्यात लव्हेंडरचे थेंब टाकले. समोर एक गृहस्थ तावातावाने हात नाचवत होते. ते वाक्याच्या मध्येच थांबले, एक दीर्घ श्वास घेतला आणि "असू दे, होईल सावकाश," म्हणून चालते झाले.

साहेबांनी हे काचेआडून पाहिलं.

"त्यांचं काम झालं का?"

"नाही साहेब."

"मग गेले कसे?"

"वासाने."

साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. ऑफिस सुटायच्या आधी असं सहसा होत नसे.

लगेच परिपत्रक निघालं. 'निवारण म्हणजे तक्रार दूर करणे, अथवा तक्रारदारास तक्रारीपासून दूर करणे' असा खुलासा त्यात होता. प्रत्येक खिडकीवर यंत्र आलं. नळाला पाणी नाही, त्यांना बर्गमॉट, म्हणजे एका विलायती लिंबाच्या सालीचं तेल. रस्त्यात खड्डे, त्यांना चंदन. निवृत्तिवेतन अडकलेल्यांना जटामांसी; तिने झोप लागते. नागरिक रांगेत उभे राहून मंद हसू लागले. वरच्या कार्यालयाने कक्षाचं अभिनंदन केलं.

आणि मग शिंपीकाका आले.

कापडाचे बारीक तंतू नाकात जाऊन जाऊन काकांना वास येणं कधीच बंद झालं होतं. ते सरळ ताईंच्या खिडकीशी आले आणि गरजले, "अहो, आमच्या इमारतीचा जिना कोसळलाय! मी शिडीने चढतो-उतरतो. पण हिचे गुडघे गेलेत. वर अडकून पडलीय ती!"

ताईंनी यंत्र वाढवलं. काकांचा आवाजही वाढला. रांगेतल्या एका बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, किती छान वातावरण आहे इथे! का उगाच बिघडवताय?"

साहेबांनी निर्णय दिला : तक्रारदाराने चालू स्थितीतील नाकासह हजर राहावे; तोपर्यंत प्रकरण विचारात घेता येणार नाही.

ताईंच्या मनाला ते लागलं. ऑफिस सुटल्यावर त्या काकांच्या मागोमाग गेल्या आणि पदर खोचून शिडी चढल्या. वर काकू खिडकीत बसल्या होत्या. ताईंनी आल्याचं तेल तिळाच्या तेलात मिसळून त्यांचे गुडघे चोळून दिले.

"हात हलका आहे हो तुझा, पोरी," काकू म्हणाल्या. "बरं वाटलं. पण मला खाली कधी नेणार?"

ताईंनी तेलाची बाटली बंद केली आणि त्या निघाल्या. उतरताना शिडी हलली, आणि पाय जमिनीला लागेपर्यंत त्यांचा जीव मुठीत होता.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "साहेब, तेलाने दुखणं हलकं होतं. जिना बांधून होत नाही."

"अगदी रास्त मुद्दा," साहेब म्हणाले. "म्हणून त्या इमारतीला आपण तेल घरपोच देऊ. दोरीने टोपलीत वर पाठवू."

तेल गेलं. वरच्या मजल्यांवरचे बाकीचे रहिवासीही खिडक्यांतून हसू लागले.

तेव्हा ताईंनी ठरवलं, आता लोकांना चिडू द्यायचं. सकाळी लवकर येऊन त्यांनी सगळी यंत्रं बंद केली, खिडक्या सताड उघडल्या आणि वाट पाहत बसल्या. बाहेरची हवा आत आली. रांगेतल्या लोकांच्या कपाळाला हळूहळू आठ्या पडल्या. आवाज चढले. ताईंचं डोकं पुन्हा ठणकू लागलं, पण त्या दिवशी ते त्यांना गोड लागलं.

"बोला!" त्या उत्साहाने म्हणाल्या. "काय तक्रार आहे?"

"वास का बंद केलात?" सगळे एकदम ओरडले.

कक्षाच्या इतिहासात प्रथमच एखादी तक्रार जागच्या जागी दूर झाली. यंत्रं चालू झाली. ताईंना खिडकीवरून हलवून जुन्या कागदांच्या खोलीत बसवण्यात आलं. संध्याकाळी त्या काकूंचे गुडघे चोळायला जातात. शिंपीकाका अजूनही रोज येऊन एकटेच ओरडतात.

काकू अजून वरच आहेत. तुम्ही मात्र इथवर हसत हसत आलात. आणि या पानाला तर आम्ही कसलंही तेल लावलेलं नव्हतं.