आधी भाकरी, मग घुंगरं

लातुरात कुमुदताईंच्या कथकच्या क्लासला पोरगी आली की ताई आधी तिचा डबा उघडायला लावतात. भाकरी खाल्ल्याशिवाय घुंगरं बांधायची नाहीत, हा नियम. "उपाशी पायाला ताल कळत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. मी तिथं तबला वाजवतो, म्हणून नियम मलाही लागू. मी तो मनापासून पाळतो.

भिंतीवरच्या आरशावर ताईंनी जुनी चादर टाकलीय. पोरी पाय बघायचे सोडून कंबर बघत बसतात म्हणून. आयांना हे पटत नाही.

"ताई, स्टेजवर लई जाड दिसती हो पोरगी," एकीनं तक्रार केली.

"मग मागच्या खुर्चीत बसा. लांबून बारीक दिसंल."

माझं पोट तबल्या-डग्ग्याच्या शेजारी तिसरं वाद्य म्हणून सहज खपेल, पण त्याबद्दल एकाही आईनं आजवर चकार शब्द काढलेला नाही.

नांदेडच्या स्पर्धेसाठी चाकूरची ऋतुजा निवडली गेली आणि तिनं जेवण सोडलं. ताईंसमोर एक घास चघळायची, डोळा चुकवून बाकीची भाकरी घुंगरांच्या पिशवीत सारायची. परवा गिरकी घेता घेता तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती मटकन खाली बसली. ताईंनी तिची घुंगरं सोडली, ठेवायला पिशवी उघडली, तर आत शिळे तुकडे आणि मुंग्यांची जत्रा.

"काय करायलीस गं बाई तू?"

"आई म्हनती, स्पर्धेपुरतं तरी बारीक हो," ऋतुजा रडायला लागली.

आता ताई क्लास डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. त्यांनी तिच्याजवळ बसकण मारली आणि आपला डबा उघडला. पिठलं-भाकरी जशीच्या तशी होती.

"माझंबी तसंच हाय लेकरा. आमचे हे गेल्यापासून घरी ताट वाढून घेते अन् नुसती बसते. एकटीला घास उतरत न्हाई. तुमी पोरी जेवताना बघितलं की बरं वाटतं. तू खा, म्हंजे मीबी खाते."

सगळ्यांचे डबे तपासणाऱ्या या बाईचा डबा कुणीच कधी तपासला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

ऋतुजानं डोळे पुसले, भाकरी मोडून पिठल्याला लावली आणि ताईंच्या तोंडापुढं धरली. "आधी तुमी."

"न्हाई, तू."

"तुमी खा, मग मी."

ताईंनी घास घेतला. मग ऋतुजानं घेतला. दोघी एकाच डब्यात सावकाश जेवल्या, आणि त्या दिवशी कथक राहूनच गेलं.