तिसऱ्या सायडिंगचा सांधा

खैरनार काकांनी माझ्या रव्याच्या चाळणीतून कोळसा चाळला, तेव्हा आमची ओळख होऊन जेमतेम आठवडा झाला होता.

आडगाव नाक्याजवळच्या या सोसायटीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. समोरच्या दारातून एक उंच, किडकिडीत, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बाहेर आले आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाले, "बाई, रव्याची चाळणी आहे का? आमच्या हिनं आमची लपवून ठेवलीय." मी शाळेत गणित शिकवते हे त्यांना कुठून तरी कळलं होतं, म्हणून 'बाई'. मी शेजारधर्म म्हणून चाळणी दिली. दोन तासांनी ती काळी कुळकुळीत होऊन परत आली. मी काही बोलायच्या आत काकांनी तळहात पुढे केला. त्यावर चिमूटभर काळा रवा होता.

"नारळाएवढं ढेकूळ सत्त्याऐंशी पटीनं लहान केलं की एवढं होतं. तुम्ही गणिताच्या, करून बघा."

मी रागाच्या भरात खरंच करून बघितलं. बरोबर होतं. चाळणी मात्र मी फेकून दिली.

खैरनार काका ओझरच्या विमानांच्या कारखान्यात तपासनीस होते. दुसऱ्यांनी केलेला भाग मोजायचा, केसभर फरक निघाला की त्याला लाल चिठ्ठी बांधून बाजूला टाकायचा, हे काम त्यांनी जन्मभर केलं. निवृत्त होताना नोकरी कारखान्यात राहिली, चिठ्ठ्या घरी आल्या. सोसायटीच्या नव्या जिन्याच्या कठड्याला त्यांनी चिठ्ठी बांधली. लिफ्टच्या दाराला बांधली. होळीला मी हौसेनं पुरणपोळ्या पाठवल्या, तर ताट परत आलं त्यात एक चिठ्ठी, 'काठाची जाडी असमान. चव मान्य.' मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

त्यांचं सगळं लक्ष आतल्या खोलीत असे. त्या खोलीत, भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकलेल्या प्लायवूडवर, चंद्रपूरकडची एक कोळशाची खदान सत्त्याऐंशी पटीनं लहान होऊन उभी राहत होती. खदान म्हणजे तिचं रेल्वे यार्ड. काकांचं बालपण तिथं गेलं. त्यांचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणत, सटाण्याकडचं गाव सोडून पोटासाठी तिकडे गेले आणि खदानीच्या रेल्वेत सांधेवाले झाले. एका रुळातून दुसरा रूळ फुटतो ती जागा म्हणजे सांधा. तिथली जड मूठ ओढून गाडी हव्या त्या रुळावर घालायची, हे त्यांचं काम. खदान पुढे बंद पडली, रूळ उखडून भंगारात गेले, आता तिथं बाभळी आहेत. काका ते सगळं पुन्हा मांडत होते. बाजारात मिळणारे खेळण्यातले रूळ त्यांनी हाती घेतले आणि टाकून दिले. आपल्याकडच्या रुळांपेक्षा त्यांची रुंदी कमी पडते म्हणे. पितळी पट्ट्या कापून, डाग देऊन त्यांनी स्वतःचे रूळ केले. चार चाकांचे जुने उघडे डबे केले, एकूण एकतीस. प्रत्येक डब्याच्या कुशीला ब्रेकचा दांडा, टाचणीएवढा.

"हे एवढं कोण बघणार आहे?" मी एकदा विचारलं.

"कोणी बघत नाही म्हणून दांडा उलट्या बाजूला लावू का?"

कुमुद काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, या सगळ्याला सरावल्या होत्या. "लोकांच्या सुना शेतात नांदतात, मी खदानीत नांदतेय," असं म्हणून त्या शांतपणे भाजी निवडत बसत. कपाटातल्या साड्यांवर कोळशाची पूड बसली तेव्हा मात्र त्यांनी खोलीला बाहेरून कडी घातली होती. काका आत होते.

मॉडेल खोटं नको म्हणून काका पुरावे गोळा करत. 'पुरावा काय?' हा त्यांचा आवडता प्रश्न. आज उन्ह फार आहे असं म्हटलं तरी ते पुरावा मागत. एका दुपारी तर नाशिकरोडच्या मालधक्क्यावरून मला रेल्वे पोलिसांचा फोन आला. काका कोळशाच्या रिकाम्या डब्याशेजारी रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड धरून उभे असताना सापडले होते. काय करताय म्हणून विचारल्यावर त्यांनी खरं उत्तर दिलं, "गंजाचा रंग जुळवतोय." खऱ्या उत्तरामुळे संशय आणखी वाढला. मी शाळेचं ओळखपत्र दाखवून त्यांना सोडवून आणलं. रिक्षात बसल्यावर आभार वगैरे काही नाही. म्हणाले, "विटकरीत थोडा जांभळा मिसळायला लागणार."

अशा माणसाचं काम एका जागी अडलं आणि वर्षभर अडून राहिलं.

यार्डात तीन सायडिंग होत्या, म्हणजे डबे भरायला आणि उभे करायला बाजूला काढलेले तीन रूळ. पहिल्या दोन कागदोपत्री पक्क्या झाल्या. तिसरीचा सांधा आबांच्या ताब्यातला. तो वजनकाट्याच्या आधी होता की नंतर? काकांना लख्ख आठवत होतं, आधी. पण खदानीतले एक जुने कारकून फोनवर शपथेवर सांगत होते, नंतर. तिचा नकाशा कुठंच मिळेना. एक फोटो मिळाला, खदानीच्या गणपती मंडळाचा. मागे वजनकाटा स्पष्ट दिसत होता, आणि नेमकं सांध्याच्या जागी एक दांडगे गृहस्थ पोट पुढे काढून उभे होते. काका भिंग घेऊन आठवडाभर त्या पोटाच्या कडेनं रूळ शोधत होते. मग त्यांनी त्या गृहस्थांचा पत्ता शोधून काढला. गृहस्थ वारले होते. मुलगी म्हणाली, "बाबा फोटोत नेहमी मध्येच उभे राहायचे."

"अहो, लावून टाका अंदाजानं," मी म्हटलं.

काकांनी भिंग खाली ठेवलं. "आबाचा सांधा? अंदाजानं?"

त्या संध्याकाळी काकूंनी मला खरी गोष्ट सांगितली. त्या कारकुनांनी फोनवर आणखी एक वाक्य उच्चारलं होतं, 'अहो, वसंताला विचारा ना.' आणि काकांनी फोन ठेवून दिला होता.

वसंत म्हणजे काकांचा धाकटा भाऊ. काका अठराव्या वर्षी शिकाऊ म्हणून इकडे नाशिकला आले, वसंता मागे राहिला आणि आबांच्याच हाताखाली यार्डात खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागला. पुढे आबा गेले तेव्हा ऐन मे महिना होता. निरोप मिळाल्याबरोबर काका निघाले, पण गाडी रखडली. ते पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. थोरल्यानं द्यायचा अग्नी धाकट्यानं दिला होता. काका स्मशानातच भावाला म्हणाले, "माझी वाट पाहिली नाहीस," आणि आल्या पावली परतले. त्याला बावीस वर्षं झाली. दोघांनी एकमेकांचा आवाज ऐकलेला नव्हता.

"गावभर पत्रं लिहितील," काकू म्हणाल्या, "मेलेल्या माणसाचा पत्ता शोधतील. ज्याला माहितेय त्याला विचारणार नाहीत." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला काकांचा इतका राग आला की चहा तसाच ठेवून मी घरी आले.

पण मी त्यांना नीट ओळखलं नव्हतं. त्यांच्यातला भाऊ हट्टी होताच, तपासनीस त्याहून हट्टी निघाला. पंधरा दिवसांनी काका एक कागद घेऊन माझ्याकडे आले. "बाई, भाषा तपासा."

पत्र टाइप केलेलं होतं. 'विषय : सायडिंग क्रमांक तीनच्या सांध्याचे स्थान कळविणेबाबत. महोदय, सदर सांधा (अ) वजनकाट्याच्या आधी होता, (ब) वजनकाट्याच्या नंतर होता, यांपैकी योग्य त्या चौकोनात खूण करून सोबतच्या पाकिटातून परत पाठवावे. कळावे.' सोबत तिकीट लावलेलं पाकीट, त्यावर स्वतःचा पत्ता.

"महोदय?" मी ओरडलेच. "अहो, सख्खा भाऊ ना तो?"

"मग काय लिहू?"

"कसा आहेस, एवढं तरी लिहा!"

"ते विषयाला धरून नाही," काका म्हणाले. पण कागद त्यांनी लगेच उचलला नाही.

"फोन करा सरळ. नंबर आहे ना?"

"फोनचा पुरावा राहत नाही."

पत्र गेलं. काका रोज खाली जाऊन पोस्टाची पेटी बघू लागले. आठवडा गेला, दोन गेले. एरवी येता-जाता कठड्याला बोट लावून तपासणारा हा माणूस मान खाली घालून जिना चढायला लागला. मला वाटलं, संपलं. मी मनात त्या वसंतालाही चार शिव्या घातल्या.

तिसऱ्या रविवारी सकाळी काकूंचा फोन आला. आवाज दबलेला. "बाई, जरा येता का? भाऊजी आलेत. दोघं आतल्या खोलीत आहेत आणि अर्धा तास झाला, काहीच आवाज येत नाहीये."

मी अनवाणी धावले. खोलीच्या दारात आम्ही दोघी उभ्या राहिलो. प्लायवूडच्या एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला त्यांचीच थोडी ठेंगणी, सावळी प्रत. वसंतरावांच्या हातात ते पत्र होतं. ते वाकून एकेक डबा बघत होते. काका त्यांच्या तोंडाकडे बघत होते, परीक्षेच्या निकालाला पोरं उभी राहतात तसे.

शेवटी वसंतरावांनी वजनकाट्याच्या आधीच्या जागेवर बोट ठेवलं. "आण्णा, सांधा आठे व्हता."

काकांनी श्वास सोडला.

"तू नाशिकले गया," वसंतरावांनी बोट काट्याच्या पलीकडे सरकवलं, "मंग त्या वर्षी तठे लई गयात. आबा तठेच व्हता, शेवटलोंग."

म्हणजे काकाही खरे आणि कारकूनही खरे. म्हणूनच वसंतरावांनी कुठल्याच चौकोनात खूण केली नव्हती. ते एवढंच सांगायला रात्रभर गाडीत बसून आले होते. पत्रात लिहिलं असतं तरी चाललं असतं, हे तिथं कोणी बोललं नाही.

काकांनी त्या दोन्ही जागांवर एकेक बोट ठेवलं. मग माझ्याकडे वळून, अगदी शुद्ध मराठीत, जणू चूक मलाच कबूल करायची होती अशा आवाजात म्हणाले, "नोकरी लागल्यावर मी यार्डात कधी उतरलोच नाही, बाई. दिवाळीला चार दिवस जायचो. पाहुण्यासारखा घरी बसायचो, लाडू खायचो, परत यायचो. आबाची जागा बदलली हे मला माहीतच नाही."

"मी तुन्ही वाट दखी, आण्णा," वसंतराव खाली बघत म्हणाले. "त्या दिवशी. लई दखी. उन्ह व्हतं."

काकांनी मान हलवली. दोनदा. कुमुद काकूंनी माझा दंड घट्ट धरला होता.

मग काकांनी पट्टी उचलली आणि काट्याच्या पलीकडे पेन्सिलनं रेघ मारली. "तुझ्या वेळचा लावू," ते म्हणाले. "माझ्या वेळचा मला ठाऊक आहे."

दोघं भाऊ गुडघ्यांवर बसले. एकजण सांगत होता, एकजण मांडत होता. मूठ कुठल्या हाताला, कंदील कुठं टांगायचा, पाण्याचं मडकं कुठल्या झाडाखाली. काकूंनी चहा आणला, तो निवला, दुसरा आणला. मी घरी जायला हवं होतं, पण माझा पाय निघेना.

काकांनी एका डबीतून बोटाच्या पेरापेक्षाही लहान असा माणूस काढला. डोक्याला मुंडासं, हात मुठीवर. त्याला अजून रंग दिलेला नव्हता. तो त्यांनी नव्या सांध्याशेजारी उभा केला आणि भावाला विचारलं, आता अहिराणीतच, "थंडीमां आबा काय पांघरे रे?"

"तू धाडेल स्वेटर," वसंतराव म्हणाले. "पहिला पगारमां धाडा व्हता ना तू? तोच. थंडीमां काय, भर उन्हाळामां बी. लोके हासेत."

त्या चिमुकल्या माणसाला काकांनी पुन्हा चिमटीत धरलं आणि दुसऱ्या हातानं ते रंगाच्या बाटल्या पुढे-मागे करायला लागले. शेवटी वसंतरावांनी तो त्यांच्याकडून घेतला आणि उजेडाकडे धरला.

"कोणता रंग व्हता त्याना?" काकांनी विचारलं. "माले याद नही."

"मी सांगस," वसंतराव म्हणाले. "तू ब्रश ले."